गांडुळाने खाल्लेली माती

फार पूर्वी ग्रीकांच्या पाताळात हेडीस देवाचं राज्य होतं. तिथलं काही खाल्लं की परत जायचं नाही, असा त्याचा नियम. एकदा एक गांडूळ माती खात खात थेट त्याच्या दरबारात जाऊन पोचलं. ते घाईघाईने मागे वळलं, तोच दारावरचा तीन डोक्यांचा कुत्रा गुरगुरला, "माती खाल्लीस ना? मग बस आता इथंच!"

वर डाळिंबाच्या मुळाशी गांडुळाची पिल्लं होती. धीर करून ते हेडीसला म्हणालं, "महाराज, वर डाळिंबाखाली माझं घर, तिथपासून इथवर मी खातच आलोय. मातीची चव कुठंच बदलली नाही. तुमचं राज्य सुरू होतं तरी कुठं?"

हेडीस गोंधळला. हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"म्हणजे डाळिंबाखालची मातीसुद्धा माझीच?"

"तुमचीच की! लालभडक डाळिंबं लागतात, महाराज. गावातली पोरं तुटून पडतात त्यांच्यावर."

"माझ्या मातीतली डाळिंबं खातात?" हेडीस आयुष्यात पहिल्यांदा खदाखदा हसला. "मग सगळे माझेच झाले की! घाई कसली? जा बाबा घरी. आणि पोरांना सांग, सावकाश खा, पोटभर खा."