पहिल्या अक्षराच्या आधी

“पहिल्या अक्षराच्या आधी काय आहे?”

“काहीच नाही, सर.”

“नीट बघ.”

“चाळीसदा बघितलं! तुमचं मशीनच बिघडलंय.”

मी शेजारी विरजण मागायला गेले होते, ती वाटी हातात धरून दारातच टेकले. टिपणीस सर टेलिफोन ऑफिसातले संगणक सांभाळून निवृत्त झालेले. समोर त्यांची शिष्या मृण्मयी. अंध मुलांना धडे वाचून दाखवणारा प्रोग्राम तिनेच लिहिलेला. चालतो सरांच्या मशीनवर, त्यात विंडोजऐवजी लिनक्स. उद्या मुलांची परीक्षा, शेवटचा धडा ऐकायचा राहिलेला. आणि सकाळी हिने ऑफिसच्या लॅपटॉपवर, विंडोजमध्ये, प्रोग्रामातला एक शब्द बदलला. तेव्हापासून तो मुका.

“चालल्याशिवाय मी उठणार नाही.”

“मग प्रोग्रामाच्या पहिल्या ओळीतली अक्षरं मोज.”

तिने बोटांवर मोजलं. “अठरा. ओळ संपल्याची खूण धरून एकोणीस.”

सरांनी मशीनला मोजायला लावलं.

बावीस.

…

तिने पुन्हा मोजलं. चष्मा पुसून मीही मोजलं. एकोणीसच!

“वरचे तीन कुठून आले?”

सर माझ्याकडे वळले. “वहिनी, पत्र लिहायला बसलात की आधी काय लिहिता?”

“श्री. त्याशिवाय पेन पुढे जातं का?”

“हिच्या लॅपटॉपने तेच केलं. अक्षरं कशी वाचायची, याची तीन जागा खाणारी खूण आधी घातली. दिसत नाही, पण आहे. आमचं मशीन पहिली दोन अक्षरं बघून प्रोग्राम ओळखतं. तिथे हे भलतंच आलं.”

मृण्मयीने खूण पुसली. मशीन खणखणीत आवाजात धडा वाचू लागलं. तिने तो तिथूनच मुलांना पाठवला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

“आता सगळ्याच फायलींतून ही घाण काढते!”

“शाळेला मुलांच्या नावांची यादी देतेस, तिच्यातूनही?”

“तिच्यातून आधी!”

“काढ. आणि लॅपटॉपवर उघड.”

उघडली. नावांच्या जागी नुसते किडेमकोडे. खूण गेली, तशी लॅपटॉपला मराठी अक्षरं कशी वाचायची तेच कळेना.

…

“अहो, मग ही खूण ठेवायची की काढायची? एक काय ते सांगा!”

सरांनी लॅपटॉप मिटून तिच्या हातात दिला.

“मला काय विचारतेस? वाचणाऱ्याला विचार.”