राहेल मावशीच्या ओटीची कहाणी

ऐक प्रभू, तुझ्या लेकीची कहाणी. आटपाट गाव होतं, गावात चर्च होतं, चर्चला मोठी घंटा होती. तिथं शेवंताबाईंच्या घरी एक नेम होता. विधवेच्या ओटीत तान्हं लेकरू द्यायचं नाही. का, ते विचारायचं नाही. रविवारी घर प्रार्थनेला जाई, सोमवारपासून सगळ्याला भिई.

त्या घरात मार्था सून म्हणून आली. तिला आई नव्हती. विधवा राहेल मावशीनं शिवणयंत्र चालवून तिला वाढवलं, कॉलेजात घातलं. मग मार्थेला लेक झाली. सासूनं काय केलं? लेकीच्या पायात काळा दोरा बांधला.

"सासूबाई, सासूबाई, हे कुठं लिहिलंय?"

"लिहिलेलं नसतं बाई, पाळायचं असतं."

मार्थेनं राग गिळला.

मग सासूनं लेकीच्या उशाखाली अडकित्ता ठेवला, शेजारी पवित्र शास्त्र ठेवलं. म्हणाली, "अडकित्त्यानं नजर पळते, शास्त्रानं उरलीसुरली."

"सासूबाई, सासूबाई, हे कुठं लिहिलंय?"

"लिहिलेलं नसतं बाई, पाळायचं असतं. कॉलेजात एवढंही शिकवलं नाही होय?"

मार्थेनं पुन्हा राग गिळला.

मग बाप्तिस्म्याचा दिवस ठरला. लेकरू ओटीत घेऊन पाळकांपुढं कोण उभं राहणार? मार्था म्हणाली, "माझी मावशी." झालं, चर्चचा कारभार बघणारी वडीलमंडळी घरी आली. थोरले दानीएलकाका म्हणाले, "सूनबाई, शुभकार्य आहे. मावशी मागच्या बाकावर बसतील."

"काका, काका, हे कुठं लिहिलंय?"

काका उत्तर देणार, तोच लेकराला बघायला आलेली राहेल मावशी दारातून म्हणाली, "राहू दे गं. मी मागंच बरी. उद्या लेकराला काही झालं, तर?"

हे मात्र मार्थेला गिळवेना. जिनं वाढवलं, तीच स्वतःला भ्यायला शिकली होती. मार्था आत गेली, उशाखालचं शास्त्र घेऊन आली. पानं चिकटली होती, पुठ्ठ्याला अडकित्त्याचा गंज लागला होता.

"एकदा तरी उघडलंत? विधवेचं रडू बघून प्रभू भर रस्त्यात थांबला, ते यात आहे. तुम्ही तिला मागच्या बाकावर बसवता. आणि हे पुस्तक अडकित्त्याच्या जोडीला ठेवता."

सासू म्हणाली, "तू आई आहेस. तुला भीती नाही वाटत?"

"वाटते. दिवसातून दहादा तिचा श्वास बघते. पण भीतीला खाऊ घालायला मी माझी मावशी देणार नाही. लेक पाळकांपुढं जाईल तर हिच्याच ओटीत. दुसऱ्या ओटीत मी द्यायची नाही."

मग तिनं अडकित्ता घेतला, त्यानंच काळा दोरा कातरला, आणि लेक राहेल मावशीच्या ओटीत ठेवली. मावशीनं लेक उराशी धरली.

"आता सांगा, कुठं लिहिलंय?"

बाप्तिस्म्याच्या दिवशी राहेल मावशीच लेक ओटीत घेऊन पाळकांपुढं उभी राहिली.

मार्थेची भीती जशी प्रभूपुढं हरली, तशी तुमची आमची हरो. ही साठां भयांची कहाणी एका नकारी सुफळ संपूर्ण.