दगड झालेला गूळ आणि धुरपाबाईची वाटी

एका राज्यात एके सकाळी मीठ दगड झालं. गूळ दगड झाला, साखर दगड झाली, हिंगाच्या डबीत गारगोटी खडखडू लागली. राजाच्या कोठीत झालं तेच गोरगरिबांच्या मडक्यांत झालं. लोक म्हणाले, हवा दमट आहे. म्हणोत बापडे! दमट हवेनं मिठाचे खडे होतात, पण त्यांच्यावर पहार वाकत नाही.

राजाचं नाव धैर्यसेन. त्याची एकुलती एक लेक इंदुलेखा, चार वर्षांची. नेमक्या त्याच दिवशी तिला जुलाब-उलट्या लागल्या. डोळे खोल गेले, ओठ वाळले. राजवैद्य म्हणाले, "मीठ-गुळाचं पाणी घोटघोट पाजा. नुसत्या पाण्यानं भागणार नाही. उद्या सूर्यास्तापर्यंत ते मिळालं नाही, तर माझ्या हाती काही उरणार नाही."

शेजारचं राज्य चार दिवसांवर. घोडा पळवून उपयोग काय, कपाळ?

राजानं पहार आणवली, ती वाकली. घण आणवला, त्याचा दांडा मोडला. मग गुळाच्या ढेपेवर हत्ती चढवला, तो लंगडत माघारी गेला. राजा त्या ढेपेपाशी मटकन बसला आणि सगळ्यांदेखत रडला.

मुदपाकखान्यात चिमाक्का भिंतीला टेकून बसली होती. ही राजाची म्हातारी स्वयंपाकीण. तिच्या हातची आमटी प्यायला दूरदूरचे राजे निमित्त काढून येत. इंदुलेखेला पहिला घास हिनंच भरवला होता.

खिडकीत साळुंकी येऊन बसली. म्हणाली, "चिमाक्का, वाटी कुणाची?"

चिमाक्काला आठवलं. दोन दिवसांपूर्वी राजकन्येचा वाढदिवस झाला. पाहुण्यांना गूळपाणी देता देता गूळ ऐन वेळी संपला. तेव्हा वाड्यामागच्या खोपटातल्या धुरपाबाईकडून तिनं वाटीभर गूळ मागून आणला. दुसऱ्या दिवशी वाटी परत दिली. घासूनपुसून लखलखीत, पण रिकामी.

आता तुम्हीच सांगा, शेजारणीची वाटी कुणी रिकामी परत देतं का? चार शेंगदाणे, चिमूटभर साखर, काहीतरी घालतोच ना आपण? पण ही पडली राजवाड्यातली! खोपटातल्या म्हातारीला काय द्यायचं, असं वाटलं हिला. आणि म्हातारी निघाली जादूगारीण.

चिमाक्का धावत गेली आणि धुरपाबाईच्या पायांवर पडली. "चूक माझी आहे, मला मारा. ते लेकरू जातंय हो!"

"मी रागात बोलून गेले," धुरपाबाई म्हणाली. "शाप तोंडातून सुटला की मलाही मागे घेता येत नाही. तो उतरवायचा तर तीन कामं कर. मीठ कोरड्या उबेवर मोकळं कर, पण तोंडातून शब्द काढू नकोस. गूळ वाफेवर मऊ कर, पण झाकण उघडून बघू नकोस. मग ही वाटी भरून आण. राजाच्या कोठीतलं काही नको. तुझं हवं."

दुसरी सकाळ उजाडली. चिमाक्कानं निखाऱ्यांवर कढई ठेवली, तीत मिठाचा दगड आणि मूठभर तांदूळ टाकले, आणि हलवत बसली. पलीकडच्या दालनातून हाक आली, "आक्का, पाणी." पुन्हा आली. चिमाक्कानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. राणी दारात येऊन म्हणाली, "पोरगी तुला हाका मारतेय. तूही दगड झालीस का गं?" चिमाक्का हलवत राहिली. दुपारी दगड फुटला आणि मीठ मोकळं झालं.

मग पातेल्यात पाणी उकळलं, वर चाळण ठेवली, चाळणीत ओल्या फडक्यात गूळ ठेवला आणि झाकण घातलं. आता हाका थांबल्या होत्या. देवा रे, त्या हाका बऱ्या होत्या! झाकणाकडे जाणारा उजवा हात तिनं डाव्या हातानं धरून ठेवला. दिवस कलला तेव्हा आत थप्प असा आवाज झाला. गूळ मऊ होऊन फडक्यात बसला होता.

तिनं घाईघाईनं पाणी कालवलं आणि सवयीनं थेंबभर जिभेवर टाकलं. खारट नाही, गोड नाही. मीठ आणि गूळ दोन्ही सुटले होते, पण त्यांच्यात चवही नव्हती आणि कसही नव्हता. तरी पाजलं. इंदुलेखेनं ते तसंच ओकलं आणि मान टाकली. राजा म्हणाला, "संपलं." राणीनं भिंतीकडे तोंड केलं.

सूर्य तटाला टेकला होता.

चिमाक्का रिकामी वाटी घेऊन बसली. काय घालू? लुगडं राजाचं, भांडी राजाची, निजायची खोलीसुद्धा राजाची. माझं काय आहे? मग तिला कळलं, आणि तिला फार वाईट वाटलं. तिनं वाटी ओठांना लावली आणि जिभेवरची चव वाटीत उतरवली. काकवीच्या रंगाची होती, पळीभर. तिच्या आईच्या हातची आमटी त्यात होती, आणि आजवर जे जे चाखलं ते सगळं होतं.

चिमाक्कानं वाटी खोपटात नेऊन दिली. धुरपाबाईनं वाटीत पाहिलं आणि ती दोन्ही हातांनी धरली. "एवढं नव्हतं गं मागितलं."

"बाई, एवढंच माझं होतं."

तेवढ्यात राज्यभरच्या डब्यांत, मडक्यांत कडकड वाजलं. दगडांचं पुन्हा मीठ झालं, गूळ झाला, साखर झाली. चिमाक्का वाड्यात पळाली, नवं पाणी कालवलं आणि राजापुढे धरलं. "महाराज, तुम्ही चाखा. मला कळत नाही."

राजानं चाखलं. "खारट आहे! गोडही आहे!"

इंदुलेखेनं एक घोट घेतला. तो टिकला. मग दुसरा. दिवेलागणीला तिनं डोळे उघडले आणि भूक लागली म्हणाली.

राज्य पुन्हा खाऊ-पिऊ लागलं. दूरचे राजे पुन्हा निमित्त काढून येऊ लागले. चिमाक्काच रांधते, पण आता पळी आधी इंदुलेखेच्या तोंडाशी जाते.

"आक्का, मीठ कमी आहे."

चिमाक्का चिमूटभर घालते. "आता?"

"आता छान."

एकदा गुळाची ढेप फोडताना चिमाक्कानं हळूच विचारलं, "गूळ कसा लागतो गं, बाळ?"

इंदुलेखेनं खडा तोंडात धरला आणि पुष्कळ वेळ विचार केला. मग म्हणाली, "नाही सांगता येत, आक्का."

"असू दे," चिमाक्का म्हणाली, आणि तिच्या हातावर आणखी एक खडा ठेवला.