अर्धी मूठ

एकदा एक बाई भर चावडीत खरं बोलली आणि तिच्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. वरच्या आळीनं ऐकलं नाही, ते एक समजण्यासारखं होतं. पण तिच्या स्वतःच्या आळीनं मान फिरवली. धाकटी जाऊ म्हणाली, "बाईंचं डोकं उन्हानं तापलंय." नवरा तर पायाच्या अंगठ्याकडे बघत बसून राहिला. ते तिला फार लागलं.

बाईचं नाव धुरपा. दोर वळणारी. गावाच्या खालच्या अंगाला दोरवाल्यांची आळी होती आणि आळीमागे एक उघडी टेकडी. टेकडीवर घायपात माजलेलं. त्याची पानं कापायची, डबक्यात कुजवायची, दगडावर ठेचून पांढरा वाख काढायचा आणि तो मांडीवर पिळून दोर वळायचा, हे त्या आळीचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. मोटेचा नाडा, बैलाचं दावं, पाळण्याची दोरी, तिरडी बांधायची सुतळी, सगळं तिथूनच यायचं. त्या गावात माणूस जन्मल्यापासून जाईपर्यंत दोरवाल्यांच्या हातचं काही ना काही त्याच्या अंगाला लागायचंच. धुरपाला याचा अभिमान होता आणि तो ती लपवत नसे.

टेकडी कुणा एकाची नव्हती, गावाची होती. आता वरच्या आळीच्या नानांना तिला कुंपण घालून आंब्याची बाग लावायची होती. नाना गावातले सगळ्यांत मोठे बागाईतदार. माणूस दुष्ट नव्हता. आपल्याला जे हवं असतं त्यातच गावाचं भलं असतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती, एवढंच. पण टेकडी गेली की वाख गेला, आणि वाख गेला की एकशे चौदा चुलींना बिऱ्हाड पाठीवर घेऊन दुसरं गाव शोधावं लागणार होतं.

त्या गावात अशा गोष्टींचा निकाल मुठीनं लागे. देवळाच्या ओसरीवर दोन टोपल्या ठेवायच्या, एक होकाराची, एक नकाराची. दोन्हींवर एकच घोंगडी पांघरायची. दर चुलीमागे एका माणसानं घरचं मूठभर धान्य आणायचं आणि घोंगडीखाली हात घालून हव्या त्या टोपलीत सोडायचं. कुणी कुठे सोडलं ते कुणाला दिसत नसे. मग मापाडी शेराच्या मापानं दोन्ही टोपल्या मोजी. जिचं धान्य जास्त, तिचा शब्द खरा. धान्य देवाच्या भंडाऱ्याला जाई. मूठ पडे ती दर खेपेला आषाढात, पेरण्या उरकून माणसं मोकळी झाली की.

या मुठीवरच गावची नवी विहीर वरच्या आळीत गेली होती. आठवड्याचा बाजारही वरच्या आळीत गेला होता. दोरवाले दर वेळी हरत आणि म्हणत, त्यांची माणसं जास्त, आपण काय करणार.

धुरपाला ते पटत नव्हतं. पोळ्याच्या आधी दारोदार दावी पोचवायचं काम तिचं. त्यामुळे गावातली चूल अन् चूल तिच्या पायाखालची होती. वरच्या आळीत एकसष्ट. खालच्या आळीत एकशे चौदा. वरची घरं मोठी होती, म्हणून ती जास्त वाटत.

म्हणून ती चावडीत उभी राहून म्हणाली, "आमच्या चुली जास्त आहेत. तरी माप आमचंच कमी भरतं. कारण आषाढात आमच्या मडक्याचा तळ दिसतो आणि आम्ही अर्धी मूठ टाकतो."

आधी कुणाला कळलंच नाही. मग नाना हसले. "धुरपे, मूठ म्हणजे मूठ. ती अर्धी कशी असेल?"

"रिकाम्या घरात असते, नाना."

मापाडी चिडला. चाळिशीचा, सरळ माणूस. "बाई, माझं माप तपासून घे. एक दाणा इकडचा तिकडे होत नाही."

तेवढ्यात दोरवाल्यांतला सगळ्यांत म्हातारा, सटवाजी, काठी टेकत उठला. धुरपाला वाटलं, आला आपल्या बाजूला. तो म्हणाला, "आमच्या आळीत अर्धी मूठ कुणी टाकत नाही. देवाच्या टोपलीत टाकायची आणि हात आखडायचा? आम्ही काय भिकारी आहोत?" आणि सगळ्या आळीनं माना डोलावल्या.

धुरपा खाली बसली. तिला रडू आलं नाही, राग आला. कारण तिला दिसत होतं की यातला प्रत्येकजण खोटं बोलतोय, आणि प्रत्येकाला वाटतंय की अर्धी मूठ फक्त आपलीच.

ओढ्यापलीकडे एक वृद्ध राहत. कधी काळी गावचे पंच होते. आता सगळं सोडून एका झोपडीत असत. गाव त्यांना बाबा म्हणे. मापाडी हा त्यांचाच शिष्य. रोज सकाळी त्यांच्यापाशी दोन गोष्टी शिकायला बसे. दुसऱ्या दिवशी धुरपा तिथे गेली तेव्हाही तो बसलेलाच होता.

"बाबा," तो म्हणाला, "हीच ती. माझ्या मापाला खोटं म्हणते."

"तुझ्या मापाला कोण खोटं म्हणतंय, दादा? तुझं माप चोख आहे, म्हणून तर डोकं फिरतं. खोटं असतं तर केव्हाच फोडून टाकलं असतं."

वृद्ध हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "उद्याची मूठ आणलीस?"

तीच दाखवायला धुरपा आली होती. तिनं मूठ पुढे केली. त्यांनी ती वरून पाहिली, खालून पाहिली. मग शिष्याला म्हणाले, "तूही तुझी कर." मापाड्यानं बाबांसाठी आणलेल्या पिशवीतली ज्वारी मुठीत घेतली. दोन मुठी शेजारी शेजारी धरल्या. बाहेरून पाहणाऱ्याला काही फरक दिसला नसता.

"उघडा."

मापाड्याच्या बोटांच्या फटींतून ज्वारी सांडली. धुरपाच्या तळहातावर वरईचे दाणे होते, खळग्यात बसतील एवढेच.

"एवढीच टाकणार?" वृद्धांनी विचारलं.

"एवढीच. याहून जास्त टाकली तर घरी चूल पेटवून मी काय शिजवू, ते सांगा."

वृद्ध बराच वेळ त्या तळहाताकडे पाहत राहिले. त्यांचा चेहरा उतरला. धुरपाला वाटलं, यांचाही विश्वास बसलेला दिसत नाही. ती उठायला लागली तेव्हा ते म्हणाले, "तुझ्याकडे दोर किती आहे?"

"विकत हवाय?"

"गाठी मारायला हवाय. एक पांढरा वाखाचा, एक काळा शेळीच्या केसांचा. चाळीस-चाळीस हात."

धुरपा घरी गेली आणि दोर घेऊन आली. मापाडी मात्र घरी जाताना वाटभर विचार करत राहिला की बाबांचं आता वय झालं.

मुठीच्या दिवशी टोपल्या नेहमीप्रमाणे मांडल्या. पण घोंगडीखाली टोपल्यांच्या शेजारी दोन दोर ठेवलेले होते. वृद्धांनी सांगितलं, धान्य सोडायचं आणि एक गाठ मारायची. होकार असेल त्यानं काळ्या दोराला, नकार असेल त्यानं पांढऱ्या. काळ्या दोराचे केस बोटांना टोचतील, त्यामुळे चूक होणार नाही.

वरच्या आळीत कुजबुज झाली. हा काय पोरखेळ, कुणीतरी म्हणालं. पण बाबांचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती.

नाना पहिले आले. धान्य सोडलं, मग घोंगडीखाली त्यांचा हात बराच वेळ चुळबुळत राहिला. गाठ काही बसेना.

"नाना, नुसती अडकवा," धुरपा लांबून म्हणाली. "बैल नाही बांधायचा."

माणसं हसली. नानांनीही तोंड वाकडं करून हसल्यासारखं केलं. दोरवाल्यांना मात्र वेळच लागला नाही. हात आत गेला की गाठ बसलेली. असा हात त्या ओसरीवर दुसऱ्या कुणाचा नव्हता, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच दोरवाले ओसरीवरून ताठ मानेनं उतरले.

सगळ्यांची मूठ पडल्यावर मापाड्यानं शेर घेतला. होकाराची टोपली भरली सहा शेर. नकाराची, चार शेराला चिमूट कमी. वरच्या आळीनं सुस्कारा सोडला. नाना उठून उपरणं झटकू लागले.

"बसा नाना," वृद्ध म्हणाले आणि शिष्याकडे वळले. "आता गाठी मोज."

मापाड्यानं काळा दोर बोटांतून सरकवत मोठ्यानं मोजला. अठ्ठावन्न. मग पांढरा घेतला. अठ्ठावन्नाच्या पुढे आकडा गेला तेव्हा मागची माणसं पुढे सरकली. शंभरावर गेला तेव्हा सटवाजी काठी धरून उभा राहिला. एकशे सतरा. मापाड्याचा विश्वास बसेना. त्यानं पुन्हा मोजलं. एकशे सतराच. खालच्या आळीच्या चुली एकशे चौदा. म्हणजे वरच्या आळीतल्याही तीन घरांना टेकडी टेकडीच राहावी असं वाटत होतं.

"पण धान्य तर आमचं जास्त आहे?" नाना म्हणाले. आवाजात अरेरावी नव्हती, खरीखुरी शंका होती. "देवाला आम्ही जास्त देतो. ज्याचं देणं मोठं त्याचा शब्द मोठा, यात वावगं काय?"

धुरपा पुढे आली. "देवाला द्या की. पोतं द्या, गाडी भरून द्या, कोण अडवतंय? पण टेकडीचं विचारताना गाव विचारायचं असतं, कणगी नाही. आणि देण्याचंच काढता, तर तुमच्या मोटेचा नाडा कुणी दिला? तुमचा एक बैल दाखवा, जो आमच्या दाव्यावाचून खुंट्याला उभा राहतो. आम्ही काय देतो ते शेरात मावत नाही, म्हणून ते नाही असं समजू नका."

तेवढ्यात सटवाजी घसा खाकरून म्हणाला, "माझी मूठ अर्धी होती. परवा चावडीत मी खोटं बोललो." मागून एक बाई म्हणाली, "माझी पावच होती." मग धाकटी जाऊ, मग नवरा, मग एकेक करून सगळी आळी. जी गोष्ट वर्षानुवर्षं पदराआड धरली होती ती लोक आता मोठ्यानं सांगत होते, आणि सांगताना कुणाची मान खाली नव्हती.

टेकडी राहिली. देवळाच्या वहीत निकाल लिहायला मापाडी बसला. यापुढे निकाल गाठींनी लागेल, असंही त्यानं लिहिलं.

"अजून एक ओळ लिहा, दादा," धुरपा म्हणाली. "विहीर गेली. बाजार गेला. माझी सासू पाण्यासाठी तो चढ चढून चढून कंबरेतून गेली. हे ज्याच्यामुळे झालं त्याचं नाव लिहा. नाव लिहिलं नाही तर उद्या पोरं म्हणतील, आमचं नशीबच तसं होतं."

सगळी ओसरी नानांकडे बघू लागली. नाना लाल झाले. "माप मी आणलेलं नाही. माप आलं तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं."

"मीही नाही," मापाडी म्हणाला. "मला ते आधीच्या मापाड्यानं दिलं."

तेव्हा वृद्ध बोलू लागले.

"पूर्वी घोंगडी नव्हती, मुठीच मोजत असत. एकेक माणूस वर यायचा आणि आकडा पुकारला जायचा. त्यात दिवस जाई. एका वर्षी मोजणीत घोळ झाला आणि पुन्हा सगळं मोजायची वेळ आली. पंच थकला होता. तो म्हणाला, शेरानं मोजा, मूठ सगळ्यांची सारखीच असते. तो लबाड नव्हता. त्याच्या घरी बारा महिने कणगी भरलेली असे, त्यामुळे अर्धी मूठ नावाची वस्तू त्यानं कधी पाहिलीच नव्हती. आणि ज्यांनी पाहिली होती त्यांना त्यानं विचारलं नाही. त्यानं सगळ्या गावाचा नियम आपल्या एका घराच्या हातावरून केला. नाना, तुम्ही त्या नियमाच्या पाटावर बसून जेवलात, हा तुमचा दोष. पाट मांडला त्यानं. मोठं घर असलेल्या माणसाच्या हातून असा अन्याय नकळत होतो, आणि नकळत झालेला म्हणूनच तो इतकी वर्षं टिकतो."

मापाड्यानं टाक शाईत बुडवला. "त्या पंचाचं नाव काय, बाबा?"

वृद्ध त्याच्याकडे नुसते पाहत राहिले. मग मापाड्याला कळलं, आणि त्याचा हात कागदावर थांबला. त्यानं मदतीसाठी धुरपाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती मागे हटली नाही.

"लिहा दादा," ती म्हणाली. "बाबांनी आज आम्हाला मोजलं, तेही वर लिहा. पण ही ओळ सोडू नका."

"ती बरोबर सांगते," वृद्ध म्हणाले. "बाबा लिहू नकोस. बापानं ठेवलेलं नाव लिही."

शिष्यानं मान खाली घातली आणि ठळक अक्षरांत लिहिलं: दोष, रखमाजी बिन कोंडाजी.