चार बोटांचा भाव

"पण अण्णा, दोष सॉफ्टवेअरचाच होता! नाहीतर भाव माझ्या आकड्यावर आला तरी ऑर्डर तशीच लोंबकळत राहायची, हे कसं?"

दुकानाच्या ओट्यावर हळदीच्या पोत्याला टेकून आवटी अण्णा सुपारी कातरत होते.

सांगलीच्या हळद बाजारात अण्णांनी उभी हयात सौदे केले होते. आता व्यापार मुलाकडे होता आणि बाजार शिकायला येणाऱ्यांना अण्णा ओट्यावर बसवून घेत. सुयोग मगदूम त्यांतला सगळ्यांत हुशार. हे अण्णांना ठाऊक होतं, आणि दुर्दैवाने सुयोगलाही.

साखर कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणारा हा गडी दिवाळीपासून शेअर बाजाराचा सराव करत होता. सॉफ्टवेअरमधले पैसे खोटे, भाव मात्र खऱ्या बाजाराचे. सुयोग नेहमी चालू भावाच्या खाली खरेदी लावायचा, आणि ऑर्डर काही भरायची नाही, सौदाच व्हायचा नाही. त्याने इंटरनेट बदललं, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, कंपनीला तक्रारी धाडल्या. नाचता येईना अंगण वाकडं, असं त्याच्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

"त्या भावात विकणारे किती होते?" अण्णांनी विचारलं.

"थोडे होते. आणि माझ्या आधी रांगेत दुसरे होते म्हणे. आता खोट्या बाजारात कसली आलीय रांग?"

"मग?"

"मग सेटिंगमध्ये एक सोय सापडली." सुयोगचा चेहरा उजळला. "भाव नुसता शिवून गेला तरी, समोर विकणारा असो-नसो, ऑर्डर भरली असं धरायचं. ती चालू केली. तेव्हापासून एक ऑर्डर अडलेली नाही, अण्णा. नफाच नफा!"

"बरं…"

"सोमवारी कारखान्याचा राजीनामा देतोय. फंडाचे पैसे उचलायचे आणि खऱ्या बाजारात उतरायचं. घरी अजून बोललो नाही. आधी तुमचा आशीर्वाद पाहिजे."

अडकित्ता थांबला.

अण्णांनी खांद्यावरचा पंचा काढून दोघांच्या मध्ये पसरला आणि त्याखाली हात घातला. जुन्या बाजारात सौदा असाच व्हायचा. कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरायचा, जितकी बोटं तितका भाव, तोंडातून चकार शब्द नाही.

"ह्या पोत्याचा भाव कर."

सुयोगने हसत हात घातला. पोतं पाच बोटांचं होतं, हे बाजारातलं शेंबडं पोरही सांगेल. त्याने चार दाबली.

अण्णांनी नकारार्थी मान हलवली.

त्याने पुन्हा चारच दाबली.

अण्णांनी हात काढून घेतला. सुयोग पंच्याखाली चाचपडत राहिला.

"अण्णा, हात काढलात तुम्ही."

"व्हय. अडला सौदा."

"मग आता?"

"आता दुरुस्त करू की. डावा हात आण तुझा."

अण्णांनी त्याचा डावा हात पंच्याखाली सारला आणि त्याच्याच उजव्या हातात दिला.

"दाब आता."

"पण हा तर माझाच…"

"दाब."

सुयोगने चार बोटं दाबली. त्या हाताने कसलीच कुरकुर केली नाही.

सुयोगच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं. कानशिलं तापली. फार लाज वाटली त्याला, तरी हात पंच्याबाहेर काढायचा धीर होईना.

अण्णा पुन्हा पोत्याला टेकले. सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि मायेने म्हणाले,

"जमला बघ सौदा, तुझ्याच भावात… आता उचल पोतं, घरी ने."