कासवाची हिरवी पाठ

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. माझी शाळा सातवीत सुटली, शब्द साधेच येतात.

फार पूर्वी खाडीकाठच्या तळ्यात एक कासव राहायचं. त्याला स्वच्छतेचं भारी वेड. हिरवं पाणी त्याला बघवत नसे, म्हणून ते रोज शेवाळ खरवडून बाहेर टाकायचं.

शेवाळ म्हणालं, "कासवदादा, राहू द्या. कोळंबीची पिल्लं मलाच खाऊन जगतात."

"घाणही हल्ली स्वतःला जेवण म्हणवते," कासव म्हणालं.

आठवड्यात पाणी काचेसारखं झालं. पिल्लांची आई, कोळंबीबाई, म्हणाली, "पाणी झकास झालं, दादा. तळाशी निपचित पडलेली पोरं अगदी स्पष्ट दिसतात."

कासव घाबरून तळाशी गेलं. तेवढ्यात एक पिल्लू त्याच्या पाठीला चिकटून खाऊ लागलं, मग दुसरं. पाठीपर्यंत कासवाचे पाय कधी पोचलेच नव्हते. ती हिरवीगार होती.

"सगळ्यांत घाण तुम्हीच निघालात," कोळंबीबाई म्हणाली. "बरं झालं."

ते कासव मीच. मी कोळंबीची पिल्लं वाढवणाऱ्या केंद्रात कामाला आहे. तिथं पिल्लांच्या खाण्यासाठी वाढवलेल्या शेवाळाची टाकी मी घाण समजून घासून लख्ख केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवाळ पुन्हा वाढावं म्हणून, विरजणासारखं बाटलीत राखलेलं हिरवं पाणी मी नव्या टाकीत ओतलं, टाकी उन्हात सरकवली आणि घासणी मालकांच्या हवाली केली.