गाळाला लावलेला कान

तळ्याकाठी जनावरांची शाळा भरायची, त्या काळातली ही गोष्ट. एका उन्हाळ्यात तळं आटलं, तशी घोरपडबाईंनी पिल्लांना गाळ उपसायला नेलं. साळिंदराचं पिल्लू, साळू, सगळ्यांच्या पुढे.

"आधी नीट बघ, मग खण," बाई म्हणाल्या.

"त्यात बघायचं काय? चिखल तर आहे!" म्हणत साळूनं दिवसभर खणून मोठमोठी ढेकळं भर उन्हात काठावर फेकली.

पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं. साळूची छाती फुगली. पण तळं गप्पच होतं.

"बाई, बेडूक का ओरडत नाहीत?"

बाईंनी काठावरचं, उन्हानं विटेसारखं पक्कं झालेलं एक ढेकूळ हळूच फोडलं. आत वाळून गेलेला एवढासा बेडूक होता.

"उन्हाळाभर ते गाळातच निजतात रे," बाई म्हणाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गाळ काढायचं ठरलं. नवी पिल्लं उड्या मारत खणायला निघाली. साळू त्यांना आडवा आला. भेगाळलेल्या तळाला कान लावून त्यानं हळूच विचारलं, "आत कुणी निजलंय का?"

उत्तर आलं नाही. तरी तो बराच वेळ तसाच पडून राहिला, आणि पिल्लंही खणायची थांबली.